बैल कुठंय?

आमच्या पहिल्या व्हिडिओत एक बैल होता. पांढरा, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळ. तो घाण्याभोवती संथ फिरतोय, मागं बासरी वाजतेय आणि माझे मामा, म्हणजे सासरे, फेटा बांधून तेलाची धार न्याहाळतायत. व्हिडिओ चांगलाच फिरला. खरी गोष्ट अशी, की तो बैल पलीकडच्या आळीतून एका दिवसाच्या भाड्यानं आणला होता आणि मामा फेटा बांधतात तो फक्त लग्नाकार्यात. घाणा लाकडीच आहे, पण पहिल्या दिवसापासून मोटारीवर फिरतो. शूटिंगच्या वेळीही मोटारच चालू होती. पट्टा दिसू नये म्हणून मागं कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या आणि बैलाच्या जुवाला दोरी नुसती अडकवलेली.

औसा-तुळजापूर रस्त्याला लागून आमचं पत्र्याचं शेड. २०१९ साली सुरुवात केली ती एका घाण्यावर. करडई, शेंगदाणा, तीळ, जवस. त्यातही भर करडईवर, कारण लातूर-धाराशिवकडं जुन्या घरांत तेल म्हणजे करडईचंच. भाकरी, लसणाची चटणी आणि वर करडईचं कच्चं तेल, एवढ्यावर आमच्याकडं माणूस दिवस काढतो.

२०२१ ला घटस्थापनेच्या दिवशी मंदिरं पुन्हा उघडली आणि तुळजापूरचा रस्ता परत वाहायला लागला. त्या नवरात्रात नांदेडचं एक कुटुंब गाडी थांबवून आत आलं. व्हिडिओ बघून तेल मागवायचे, म्हणून दर्शनाला जाता जाता घाणा बघायला आले. सोबत पाच-सहा वर्षांचं लेकरू. त्यानं शेडमध्ये पाय टाकताच विचारलं, "बैल कुठंय?"

मी म्हणाले, चरायला गेलाय.

पोरगं शेडच्या मागं जाऊन बघून आलं. दावण नाही, शेण नाही, गव्हाण नाही. तेवढ्यात आमच्या माणसानं मोटार चालू केली आणि गिअर बॉक्स घुर्र करून बोलला. त्याची आजी मघापासून गप्प होती. तिनं विचारलं, "मोटारीचं तेल वाईट असतंय का ओ ताई?"

"नाही."

"मग बैलाचं सोंग कामून?"

तरी त्यांनी एक लिटर नेलं. चिडून काही बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

रात्री व्हिडिओ काढून टाकला. आमचे हे म्हणाले, एवढा चाललेला व्हिडिओ कोण काढतं? पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच मोबाईल धरला आणि आम्ही मोटार, पट्टा, गिअर बॉक्स, बाभळीची लाट (घाण्यात बी दाबणारा लाकडी दांडा), सगळं आहे तसं दाखवलं. मामा रोजच्या बनियनवर. मागं बासरी नाही, घाण्याचा करकर आवाज. लोक कमी आले, पण जे आले ते प्रश्न घेऊन आले. बाभळीचंच लाकूड का? एका वेळी किती बी टाकता? तेल गरम होतं का? (कोमट होतं. 'अजिबात गरम होत नाही' असं कुणी म्हणालं, तर त्यानं घाण्याला हात लावून बघितलेला नाही.)

मग एकेक सोंग सापडत गेलं. आमच्या पोस्टरवर पिवळ्याधमक फुलांचं शेत होतं. एक शेतकरी बी घालायला आला, पोस्टर बघून हसायला लागला. म्हणे, वहिनी, हे तर सूर्यफूल आहे. शहरातल्या डिझायनरनं इंग्रजीतलं सॅफ्लॉवर, म्हणजे करडई, हे सनफ्लॉवर असं वाचलं असावं. पण दोन वर्षं ते पोस्टर आमच्याच भिंतीवर होतं आणि आम्हा घरच्यांना ते दिसलं नाही, ही लाज जास्त. करडईचं फूल असं गोंडस नसतंच. पिवळं-केशरी, काटेरी बोंडातून वर आलेलं. झाड एवढं बोचरं, की पूर्वी ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी पेरायचे म्हणजे जनावर आत शिरत नसे. काढणी भल्या पहाटे, दहिवरानं काटे मऊ असतात तोवर, हाताला फडकी गुंडाळून. ऊन चढलं की काम बंद. मजूर मिळत नाहीत ते यामुळंच. मावा ही कीडही पडते. सोयाबीन काढून हरभरा पेरणं सोपं, म्हणून आमच्या शिवारात करडई कमी कमी होत गेली. आता काही जण मशीननं काढतात, तेवढाच आधार. पुढच्या फेब्रुवारीत मी स्वतः पहाटे साडेपाचला जाऊन ती काढणी मोबाईलवर घेतली. अंधुक आलीय, पण तीच ठेवलीय.

लेबलवर 'कोलेस्ट्रॉल फ्री' असं मोठ्या अक्षरात होतं. सगळेच लिहितात म्हणून आम्हीही. एका ग्राहक डॉक्टरीणबाईंनी फोन करून विचारलं, वनस्पतीच्या कुठल्या तेलात कोलेस्ट्रॉल असतं ते सांगा. कुठल्याच नसतं! मिठाच्या पुडीवर 'साखर नाही' लिहावं, तसलं ते. नव्या छपाईत तो शब्द गेला आणि त्या जागी आलं: 'तळाशी गाळ बसतो. घाण्याचं तेल आहे, गाळूनही थोडा राहतो. फोडल्यावर दोन महिन्यांत संपवा, उजेडात ठेवू नका.' करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर, म्हणून ते हवा-उजेडानं लवकर खवट होतं. हे आम्ही लिहिलं, तर लोक पाच लिटरचा डबा सोडून एक लिटरची बाटली घ्यायला लागले. धंद्याला ते परवडत नाही, पण तेल खराब होऊन आलेले फोन त्याहून महाग पडायचे.

भावाचं गणित मात्र मी मोठ्ठं करून टाकलंय, कारण सगळ्यात जास्त भांडण तिथं. केंद्रानं रब्बी विपणन हंगाम २०२५-२६ साठी करडईचा हमीभाव क्विंटलला ५,९४० रुपये धरला. आमच्या घाण्यावर ४ किलो बियामागं साधारण १ किलो तेल पडतं. म्हणजे त्या भावानं किलोभर तेलात नुसतं बीच जवळपास २३८ रुपयांचं. त्यावर वीज, मजुरी, बाटली, कुरिअर. पेंड गोठ्यावाल्यांना जाते, तेवढे पैसे परत येतात. आता दीडशे रुपयांत कुणी 'अस्सल लाकडी घाण्याचं करडई' देत असेल, तर आपण हिशेब करावा. आणि हो, एक लिटर तेल एक किलो भरत नाही, ९१०-९२० ग्रॅमच भरतं. वजनकाटा घेऊन फोन करणारे महिन्याला दोघे-तिघे असतातच.

२०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये अवकाळीनं झोडपलं. एका शेतकऱ्याचं बी आतून ओलं राहिलं होतं, आम्ही घाईत घेतलं. तेल पडताना काही कळलं नाही, आठवड्यानं कडवट वास. तोवर ४१ बाटल्या गेल्या होत्या. मी वहीत बघून एकेकाला निरोप टाकला आणि आमच्या पानावरही लिहिलं: अमुक तारखेचं तेल वापरू नका, पैसे परत. हे खूप रागावले. "आपल्याच हातानं आपली अब्रू काढायची?" दोन दिवस घरात जेवणापुरतं बोलणं. तेराजणांनी पैसे घेतले. बाकीचे म्हणाले, पुढच्या वेळी चांगलं द्या. एक आजोबा म्हणाले, मला तर वासच आला नाही, संपलं पण.

मधे एकानं पाचतारी अभिप्राय घाऊक भावात देऊ केले होते. नमुने वाचायला पाठवले. 'अप्रतिम सुगंध, घरच्यांना खूप आवडले', दहांमध्ये आठ तसेच. भारतीय मानक ब्युरोनं २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, त्यात विकतचे अभिप्राय बसत नाहीत. पण मला नियमाची गरज पडली नाही. आमची गिऱ्हाइकं 'अप्रतिम' लिहीत नाहीत. ती लिहितात: 'बाटलीचं झाकण गळतंय. तेल बरं आहे.'

झाकण बदललंय. दोनदा.

आमचा आजवर सगळ्यात जास्त बघितला गेलेला व्हिडिओ कुठला म्हणाल, तर येळवशीचा, म्हणजे वेळ अमावस्येचा. त्यात तेलाची जाहिरातच नव्हती. मार्गशीर्षातली अमावस्या, शेतात कडब्याची कोप, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. एका हातात मोबाईल धरून मी कढईत तेल ओतत होते, तर आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "घाल की तेल, हात का आखडतीस? घरचंच हाय." ते तसंच गेलं. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या आमच्याकडच्या लोकांनी ते एकमेकांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी फोनवर फोन, आणि निम्म्यांना तेल नको होतं, भज्जीत काय काय घालतात ते हवं होतं. आत्याबाईंनी सगळ्यांना सांगितलं. दुपारपर्यंत त्यांचा घसा बसला.

यंदा बी कमी मिळालं. करडईचं तेल श्रावणातच संपलं. दुसरं स्वस्त तेल थोडं मिसळा, कुणाला कळतंय, असा सल्ला देणारे भेटलेच. पानावर 'संपलं' लिहिलंय. नवी करडई फेब्रुवारीअखेर निघेल, त्यानंतर पंधरा दिवस धरा. तोवर जवस आणि तीळ आहे, शेंगदाण्याचा घाणा सोमवारपासून.