कार्ड खिशात घालण्याआधी

जपानी पाहुण्यांबरोबरची माझी ती पहिलीच बैठक. समोरच्या वयस्क गृहस्थांनी कमरेत वाकून, दोन्ही हातांनी, अक्षरं माझ्याकडे सुलट येतील असं धरून आपलं कार्ड पुढे केलं. मी ते एका हाताने घेतलं, नाव न वाचताच उलटं केलं आणि त्यांच्या परतीच्या गाडीची वेळ मागच्या कोऱ्या बाजूवर टिपून घेतली. केवढा तत्पर मी! गृहस्थ हसले. त्या हसण्याचा अर्थ कळायला मला दोन वर्षं लागली.

जपानीत कार्डाला 'मेइशी' म्हणतात, आणि मेइशी म्हणजे जवळजवळ तो माणूसच. त्यावर खरडणं म्हणजे समोरच्याच्या कपाळावर पेन चालवणं. पाहुण्याने किंवा हुद्द्याने लहान असलेल्याने कार्ड आधी द्यायचं, तेही समोरच्याच्या कार्डापेक्षा जरा खाली धरून. दोघंही नम्र असले तर कार्डं खाली खाली कुठवर जात असतील, देव जाणे. घेतलेलं कार्ड वाचायचं, नाव उच्चारायचं, आणि बैठक संपेपर्यंत टेबलावर समोर ठेवायचं. सगळ्यांत वरिष्ठाचं कार्ड आपल्या कार्डाच्या डबीवर, बाकीची माणसं बसली असतील त्या क्रमाने.

मला आधी हा सगळा देखावा वाटला होता. मग एकदा करून पाहिलं. पाच अनोळखी चेहरे आणि समोर त्याच क्रमाने पाच नावं! हात हातात असतानाच नाव विसरणाऱ्या माझ्यासारख्याला याहून मोठी सोय नाही. पँटच्या मागच्या खिशाचं पाप मात्र माझ्या हातून तेवढं घडलं नाही. तिथे कार्ड ठेवून खुर्चीत बसलं की आपण नेमके कशावर बसतो, हे वेगळं सांगायला नको.

'मेइशी'तला 'शी' मूळचा चीनमधला. नाव लिहिलेल्या लाकडी पट्टीला तिथे जुन्या काळी हा शब्द होता. आन्हुई प्रांतात 1984 साली झू रान या तिसऱ्या शतकातल्या सेनापतीची कबर सापडली, तिच्यात अशा नावाच्या पट्ट्या निघाल्या. गृहस्थ वरही कार्डं घेऊन गेले होते.

अमेरिकेत माझा गुन्हा गुन्हाच ठरला नसता. तिथे कार्ड म्हणजे बरचसं चिठोरं. टेबलावरून सरकवावं, मागे काहीतरी टिपावं. उलट टिपलं तर 'हा आपल्याला लक्षात ठेवणार' म्हणून समोरचा खूश. कोरियात उजव्या हाताने देताना डावा हात उजव्याला आधार देतो. अरब देशांत नुसता डावा हात पुढे करायचा नाही, एवढं डावखुऱ्यांनी ध्यानात ठेवावं. मापातही एकमत नाही. युरोपातलं नेहमीचं कार्ड 85 मिलिमीटर लांब, जपानी 91. युरोपी मापाच्या डबीतून जपानी कार्ड सहा मिलिमीटर डोकं वर काढून बसतं.

आपण मात्र अजून 'व्हिजिटिंग कार्ड'च म्हणतो आणि त्यातल्या 'व्हिजिट'कडे लक्ष देत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बड्या घरांत हे कार्ड खरोखरच भेटीला जाई. नोकर ते तबकात घालून आत नेई. बाईसाहेब 'घरी नाहीत' असं उत्तर आलं, तर त्या आतल्या खोलीत बसलेल्या असल्या तरी कोणी राग मानायचा नाही. कार्ड पोचलं, भेट झाली. कोपऱ्यात 'पी. पी. सी.' ही फ्रेंच आद्याक्षरं असली की समजायचं, गावाला जाण्याआधी निरोप घ्यायला आले होते. आणि कार्डाचा कोपरा दुमडलेला असला तर ते नोकराहाती पाठवलेलं नाही, मालक जातीने येऊन गेले. माणसं टाळण्याची इतकी सभ्य सोय पुन्हा झाली नाही. आता फोनसमोर फोन धरला की नाव, नंबर, पत्ता सगळं पलीकडे जातं. नाव वाचायचीही गरज उरत नाही.

परवा खण आवरताना कार्डांचा गठ्ठा निघाला. निम्म्याहून अधिक माणसं आठवेनात. ते जपानी गृहस्थ मात्र लगेच ओळखू आले, कारण मागे माझ्याच अक्षरात '4.40 ची गाडी' असं लिहिलेलं होतं. पहिल्यांदाच त्यांचं नाव नीट वाचलं, दोन्ही हातांत धरून. खणात इतकी वर्षं दाबलं गेल्यामुळे कार्डाचा एक कोपरा दुमडला होता. तो सरळ करायला गेलो आणि थांबलो.