दोन पोरं, दोन ढाली आणि ऑगस्टसची चांदी

रोमन नाणं हातात आलं की सगळे आधी राजाचा चेहरा बघतात, मी मात्र आधी पलटवतो, खरी मजा मागच्या बाजूला असते. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस, त्याचा एक दिनारियस घ्या, म्हणजे रोमन चांदीचं नाणं, पावणेचार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला डब्यातून निघतो त्या राणीछाप रुपयाच्या साधारण एक तृतीयांश. पुढे ऑगस्टस, डोक्यावर पानांचा मुकुट. मागे टोगा घातलेली दोन पोरं उभी, मधे दोन गोल ढाली, ढालींमागे भाले, आणि त्याच्यावर पूजेची पळी आणि शकुन बघणाऱ्या पुरोहिताची वाकडी काठी! नखाएवढ्या जागेत हे सगळं, तेही ठशावर हाताने उलटं कोरून, काय हात असतील त्या कारागिरांचे.

ही पोरं म्हणजे गायस आणि ल्युसियस, ऑगस्टसच्या मुलीची मुलं, त्याने दत्तक घेतलेली. माझ्यामागे हेच, हे सगळ्या साम्राज्याला सांगायचं होतं आणि तेव्हा ना पेपर ना टीव्ही, मग सैनिकांच्या पगारातूनच निरोप गावोगाव गेला. पण ल्युसियस इ.स. २ मध्ये गेला, गायस इ.स. ४ मध्ये, आणि गादीवर बसला टायबेरियस. त्याच्या चांदीच्या नाण्यावर वर्षानुवर्षं एकच चित्र, हातात फांदी आणि राजदंड घेऊन बसलेली बाई, बरेच जण तिला त्याची आई लिव्हिया मानतात.

भारतात सापडलेल्या रोमन चांदीत हेच दोन प्रकार सगळ्यात जास्त, मुख्यतः दक्षिणेत. चांदी जवळजवळ शुद्ध होती ना! पुढे नीरो सम्राटाने इ.स. ६४ च्या सुमारास वजनही घटवलं आणि चांदीही. इकडे तर या दोन्हींच्या नकला पण पाडल्या, अक्षरं पार वेडीवाकडी पण ढाली आणि पोरं लगेच ओळखू येतात.

आता आपल्या भागाचं. पेरिप्लस म्हणून पहिल्या शतकातलं ग्रीक टिपण आहे, त्यात लिहिलंय की गुजरातेतल्या भडोच बंदरात सोन्याचांदीचे रोमन दिनारियस तिथल्या पैशात बदलले की नफा होतो, आणि तिथून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर. नकाशा उघडून बघा भाऊ, भडोच ते पैठण जायचं तर मधे तापी आणि आपला खान्देश. चाळीसगावजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत पैठणच्या एका अत्तरवाल्याचा दानलेख आहेच.

त्याच काळात भडोचकडे नहपान या क्षत्रप राजाचं राज्य, त्याचीही चांदीची नाणी, चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला अशी तेरा हजारांवर सापडली, आणि त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने, नाणी न वितळवता, सरळ नहपानाच्या चेहऱ्यावरच आपला ठसा मारलाय.