तालीसपत्राच्या पोत्यात सुनपाती

रबाळे एमआयडीसीतल्या एका आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात मी कच्चा माल तपासते. पावसाळा तोंडावर आला की खोकल्याच्या तालीसादी चूर्णाची मागणी वाढते. ऐन त्याच धांदलीत त्या चूर्णात पडणाऱ्या तालीसपत्राची, म्हणजे सुक्या पानांची, पोती आली. कागदपत्रं चोख. पण पोतं उसवलं तर वास निराळाच: गोडसर, राळेचा, नाकात रेंगाळणारा.

पहिली धास्ती थुनेरची, म्हणजे हिमालयातल्या विषारी यू झाडाची. त्याची पानंही बाजारात तालीसपत्र म्हणून खपतात आणि त्यातलं टॅक्सिन हृदयाला घातक. आम्हाला लागतं ते ॲबिस वेबियाना, म्हणजे हिमालयातलं फरचं झाड. त्याचं पान सुईसारखं अरुंद, टोकाला खाच, पाठीवर दोन पांढऱ्या रेघा. थुनेरचं टोक अणकुचीदार, पांढऱ्या रेघा नाहीत.

ट्रेमधला चुरा कोमट पाण्यात भिजवला. पानं उलगडली ती चक्क लंबगोल, चिवट, पाठीवर तपकिरी खवल्यांचा दाट थर. थुनेर नव्हे, ॲबिसही नव्हे. ऱ्होडोडेंड्रॉन अँथोपोगॉन! हिमालयात तीन हजार मीटरच्या वर, झाडं विरळ होतात तिथे उगवणारं बुटकं झुडूप. फुलं फिकट पिवळी नाहीतर गुलाबीसर.

तेवढ्यात गेटवरचा नेपाळी वॉचमन आवक-वही घेऊन आला आणि दारातच थबकला. "मॅडम, ये तो सुनपाती है! गाँव में धूपी के साथ जलाते हैं." पानांचा चहाही करतात म्हणाला. नेपाळात याचं सुगंधी तेल काढून परदेशी विकतात, हे मी वाचलं होतं. पान हातात पहिल्यांदाच येत होतं.

व्यापाऱ्याला सरळ लबाड म्हणवेना. काश्मीर-हिमाचलकडे याच पानांना तालीस म्हणून घेणारे आहेत. पण आमच्या लेबलवर ॲबिस छापलंय. शिवाय ऱ्होडोडेंड्रॉनच्या काही जातींत ग्रेयानोटॉक्सिन हे विष असतं. लहान मुलं मधातून चाटतात त्या चूर्णात असलं काही अंदाजाने घालायचं नसतं.

खरेदी विभागाचे साहेब वर आले. "अहो मॅडम, तालीस एक भाग, साखर बत्तीस भाग. कोणाला कळतंय?"

"मग नुसती साखरच विकू या की!"

ते फणकाऱ्याने गेले. मी पोत्यांना 'नापास'ची लाल चिठ्ठी लावली. वॉचमनने मूठभर मागितली, पण नापास मालाचाही ग्रॅमवारी हिशेब द्यावा लागतो. नाही म्हणताना जीवावर आलं.

आता खरेदीच्या ऑर्डरवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव सक्तीचं आहे. त्याखाली पानाची खाच आणि दोन पांढऱ्या रेघा मी स्वतः लिहून घेतल्यात.