हिरव्या वर्तुळातली ओळख

मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवते. आमच्या वेळी मुलीशी बोलायचे तर वही मागण्याचे निमित्त लागे. आता इन्स्टाग्रामवरच्या स्टोरीला, म्हणजे चोवीस तासांत नाहीशा होणाऱ्या फोटो-व्हिडिओला, रिप्लाय दिला की ओळख सुरू होते. ऑगस्ट २०१६ मध्ये इन्स्टाग्रामवर स्टोरी आली आणि पुढच्याच महिन्यात जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाले, त्यामुळे खेड्यातून एसटीने येणाऱ्या मुलांनाही हे निमित्त मिळाले. बुजऱ्या मुलांसाठी ही मोठीच सोय आहे, असे मला मनापासून वाटते.

मुलींची अडचण मात्र वेगळी आहे. मामा, चुलतभाऊ, गावातली ओळखीची माणसे, सगळेच त्यांना फॉलो करतात आणि नाही म्हणायची सोय नसते. म्हणून २०१८ पासून मिळालेली ‘क्लोज फ्रेंड्स’ची यादी, म्हणजे ठरावीक स्टोरी फक्त ज्यांना दाखवायची अशा निवडक माणसांची यादी, त्या फार विचारपूर्वक सांभाळतात. ज्याच्या फोनवर त्यांची स्टोरी हिरव्या वर्तुळात दिसते, त्याला आपण विश्वासातले मानले गेलो आहोत हे न सांगता कळते. एखाद्याला त्या यादीत घेणे हा आमच्या मुलींच्या दृष्टीने जवळजवळ होकारच असतो, आणि हे त्यातल्या कित्येक मुलांच्या लक्षातही येत नाही, याचे मला वाईट वाटते.

गेल्या वर्षी प्रात्यक्षिक संपल्यावर तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी मागे थांबली. ‘मॅडम, हे बघा ना,’ म्हणत तिने फोन पुढे केला. एका मुलाने तिची प्रत्येक स्टोरी पाहिली होती, पण तिने सरळ विचारलेल्या प्रश्नाला चार दिवस उत्तर दिले नव्हते. मेसेजखाली नुसते ‘सीन’, म्हणजे त्याने तो पाहिला आहे, एवढेच दिसत होते. पाहणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव वर का येते, यावर मैत्रिणींनी तर्क लढवले होते. तो क्रम ॲप ठरवते, त्यावरून कुणाचे मन कळत नाही, हे मी तिला समजावले आणि प्रत्यक्ष विचार, असे सांगितले.

तिने त्याला ग्रंथालयाबाहेर गाठून विचारले. त्याचा फोन घरी थोरला भाऊ केव्हाही उघडून पाहत असे. स्टोरी पाहिल्याने चॅटमध्ये काही उमटत नव्हते. लिहिलेले उत्तर मात्र भावाने वाचले असते.