‘परिचारिकेने समुपदेशन केले’ एवढ्यावर भागत नाही

मधुमेह, बीपी, दमा असलेल्या रुग्णांवरचे नर्सिंगचे शोधनिबंध वाचताना एक वाक्य सारखं भेटतं : ‘प्रयोगगटातील रुग्णांना परिचारिकेने समुपदेशन केले.’ किती मिनिटं? किती वेळा? समोरासमोर की फोनवर? औषधाच्या चाचणीत ‘गोळी दिली’ एवढंच लिहून कुणी सुटत नाही. परिचारिकेच्या आधारालाही मात्रा असते आणि ती लिहिलीच पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दवाखान्यात तोच प्रयोग करून बघणार कसा? २०१४ साली प्रसिद्ध झालेली ‘टायडर’ ही रुग्णांना नेमकं काय आणि कसं दिलं हे लिहिण्यासाठीची १२ मुद्द्यांची यादी यासाठीच आहे. ती निबंध लिहिताना नव्हे, आराखडा करतानाच समोर ठेवा.

भेटीत नेमकं काय घडलं हेही नोंदवायला हवं. ‘समजलं का?’ असं विचारलं की बहुतेक रुग्ण मान डोलावतात. त्यापेक्षा टीच-बॅक वापरा, म्हणजे सांगितलेलं रुग्णाकडूनच वदवून किंवा करून घ्या : ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. इन्सुलिन कसं घेता, करून दाखवा.’ मग चुका दिसतात. कुणी रोज त्याच जागी टोचतं, कुणी औषध आत गेल्या गेल्या सुई काढतं (इन्सुलिनचं पेन असेल तर साधारण १० सेकंद थांबायला हवं). एकाच जागी टोचत राहिल्याने त्वचेखाली गाठी होतात, तिथून इन्सुलिन कधी कमी तर कधी जास्त शोषलं जातं आणि साखर वरखाली होते. या गाठी नुसत्या बघून कळतातच असं नाही, बोटांनी चाचपाव्या लागतात. चुकलेली पायरी पुन्हा दाखवा, पुन्हा करून घ्या. सुरुवातीला किती पायऱ्या बरोबर होत्या आणि भेट संपताना किती, हे आकडे फार मोलाचे आहेत. एका भेटीत दोन-तीनच गोष्टी घ्या, जास्त सांगितलं तर त्यातलं थोडंच लक्षात राहतं.

बीपीच्या अभ्यासात मोजमापच घात करतं. पाच मिनिटं शांत बसवणं, पाठीला टेकू, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, मोजताना बोलायचं नाही, एक-दोन मिनिटांच्या अंतराने किमान दोन नोंदी. दंडाला गुंडाळायचा पट्टा (कफ) लहान पडला तर आकडा खोटा वाढतो. सुरुवातीला घाईत मोजलं आणि शेवटी निवांत मोजलं, तर समुपदेशनाशिवायही बीपी ‘उतरतं’. शिवाय फक्त जास्त बीपीचेच रुग्ण निवडले की दुसऱ्या वेळी सरासरी आपोआप थोडी खाली येते. म्हणून समुपदेशन न मिळालेला तुलनागट हवाच.

तो गट समुपदेशन करणाऱ्याच परिचारिकेकडे असला तर शिकलेलं ती त्यांनाही सांगणार, आणि सांगावंसं वाटणं साहजिकच आहे. शक्य असेल तर रुग्णांऐवजी अख्खे दवाखानेच गटांत वाटा. त्यासाठी नमुना मोठा, म्हणजे रुग्ण जास्त लागतात, कारण एका दवाखान्यातले रुग्ण एकमेकांसारखे असतात.

एचबीए१सी चार आठवड्यांनी तपासण्यात अर्थ नाही, ती चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगते. तीन महिन्यांनी करा, जमलं तर सहा आणि बारा महिन्यांनीही. मध्येच यायचे थांबलेले रुग्ण विश्लेषणातून वगळू नका. बहुतेकदा आधाराची गरज त्यांनाच जास्त असते. ते का थांबले, हे फोन करून विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.