खोक्यात भरून आलेला रेड ६

एका प्रिंटिंग प्रेसचं ऑफिस नव्या जागेत गेलं तेव्हा सर्व्हर जड लागतोय म्हणून टेम्पोवाल्या पोरांनी त्यातल्या सगळ्या डिस्क काढून खोक्यात टाकल्या. नंबर वगैरे कोण लिहितंय! नव्या जागी हाताला येईल ती डिस्क दिसेल त्या खणात सारली आणि मग मला फोन, सर्व्हर चालूच होत नाही.

त्या डिस्क रेडमध्ये होत्या, म्हणजे अनेक डिस्क मिळून एकच मोठी डिस्क, एखादी गेली तरी डेटा टिकतो. मी पोचलो तर तिथला आयटीचा पोरगा पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून एमडीएडीएमची, म्हणजे लिनक्सवर रेड सांभाळणाऱ्या प्रोग्रामची, क्रिएट कमांड टाइप करून बसलेला, फक्त एंटर बाकी. म्हटलं अरे बाबा, आधी हात काढ तिथून. क्रिएट म्हणजे नवीन अ‍ॅरे (डिस्कचा ग्रुप), त्यात डिस्कचा क्रम किंवा चंक साइज (एका डिस्कवर सलग किती डेटा लिहायचा ते माप) चुकली की नव्याने पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायची जादा माहिती) लिहायला घेते आणि जुना डेटा तुडवत जाते.

खरं तर सॉफ्टवेअर रेडमध्ये, जिथे वेगळं कार्ड न लावता लिनक्सच रेड चालवतं, खणाला काही किंमत नसते. प्रत्येक डिस्कवर सुपरब्लॉक नावाची नोंद असते, त्यात अ‍ॅरेचा यूयूआयडी (ओळख क्रमांक), लेव्हल (रेडचा प्रकार), चंक साइज आणि ही डिस्क ग्रुपमध्ये कितवी ते सगळं लिहिलेलं, म्हणजे गळ्यात ओळखपत्र घालूनच फिरतात त्या. रेडच्या हार्डवेअर कार्डातपण साधारण हेच असतं, तिथे फॉरेन कॉन्फिग (डिस्कवरची कार्डाला अनोळखी वाटणारी नोंद) असं दिसलं की लोक घाबरून ती घ्यायच्या इम्पोर्टऐवजी ती पुसणारं क्लिअर दाबतात, ते वेगळंच दुखणं.

तर एकेक डिस्क एक्झामिन करत गेलो. दोन एसएसडी मिररच्या (एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर), त्या ओएसच्या. ४ टीबीच्या आठ डिस्क रेड ६ मध्ये, म्हणजे वापरायला २४ टीबी. यूयूआयडी आठही डिस्कवर एकच, पण सात डिस्कचा इव्हेंट काउंट (अ‍ॅरेतल्या बदलांबरोबर वाढत जाणारा आकडा) सारखा आणि आठवीचा कितीतरी मागे, तिचा अपडेट टाइम बघितला तर गणपतीतला! आणि आम्ही बसलोय मार्चमध्ये. म्हणजे ही शिफ्टिंगमध्ये गेलेली नाही, केव्हाच ग्रुपबाहेर पडलेली. रेड ६ दोन डिस्क गेल्या तरी सोसतो म्हणून कुणाला काही जाणवलं नाही, पण तेव्हापासून आणखी एकच डिस्क गेलेली सोसेल अशा आधारावर चाललेलं सगळं, त्यात टेम्पोचा प्रवास.

असेंबल केलं, म्हणजे आहे तोच अ‍ॅरे पुन्हा जोडला, जुनीला कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) नॉन-फ्रेश, म्हणजे शिळी म्हणून आपणहून बाहेर ठेवलं आणि सात डिस्कवर अ‍ॅरे उभा राहिला. वरचा एलव्हीएमचा (अ‍ॅरेतली जागा वाटून देणाऱ्या व्यवस्थेचा) ग्रुपपण दिसला, फायली जागच्या जागी. बायोसमध्ये बूटची डिस्क बदलल्यावर सर्व्हरपण आला.

प्रेसवाले काका म्हणाले, "अहो, मग इतके महिने आम्हाला कळलं कसं नाही?" कळवलं होतं की. रोज एक मेल, अ‍ॅरे डिग्रेडेड आहे, म्हणजे एक डिस्क कमी आहे म्हणून, त्याच सर्व्हरवरच्या रूटच्या (मुख्य अ‍ॅडमिन खात्याच्या) मेलबॉक्समध्ये, जो कोणीच कधी उघडलेला नाही.

आधी बॅकअप काढून घेतला, मग नवीन डिस्क घातली. ४ टीबी भरायला सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने अकरा तास लागतात, वर लोक काम करत असले की अजून जास्त. तेवढ्यात मेलचा पत्ता बदलून काकांचा टाकला आणि टेस्ट मेल सोडली. लगेच त्यांचा फोन, "आणखी एक गेली का हो?"