टाळ्या मैदानावर, शिव्या घरी ठेवा

फुटबॉलमध्ये चाहते आणि संघ यांची निष्ठा एकतर्फी टिकत नाही. 1 जून 2018 ला मुंबईत भारताचा तेव्हाचा कर्णधार सुनील छेत्रीने चायनीज तैपेईविरुद्ध (म्हणजे तैवानविरुद्ध) हॅटट्रिक केली, तेव्हा प्रेक्षक होते जेमतेम 2,569. दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओतून हात जोडले: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. 4 तारखेला केनियाविरुद्धची सगळी तिकिटं संपली.

बेळगावात लेले मैदानावर सामना असला की हीच गोष्ट लहान प्रमाणात दिसते. कोल्हापूरसारखं तालमी-पेठांच्या फुटबॉल संघांचं वेड इथे नाही, म्हणून संघ धरून ठेवणं जास्त कष्टाचं. खेळाडू जातो तो बहुतेक वेळा पैशांपेक्षा अनिश्चिततेमुळे: बूट कोण देणार, गुडघा दुखावला तर एमआरआयचा खर्च कोण करणार? हे स्पर्धेआधीच लिहून ठरवा. वर्गणीतला ठरावीक वाटा दुखापतीसाठी वेगळा काढा आणि त्याला ढोल-ताशासाठी हात लावू नका.

पेनल्टी हुकलेल्या पोराकडे बघा. मान खाली, मोजे घोट्यापर्यंत घसरलेले, तो कुंपणाकडे यायलाच घाबरतो. त्याच वेळी त्याचं नाव घेऊन टाळ्या वाजवा. तिथे आईबहिणीवरून ओरडलात, तर पुढच्या हंगामात तो दुसऱ्या संघाकडे गेल्याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. खेळाडूंनीही हरल्यावर थेट सामानाकडे न वळता कुंपणापर्यंत जावं. दोन मिनिटं लागतात.

जुना खेळाडू विरोधी जर्सीत आला, तर पहिल्या स्पर्शाला टाळी द्यावी. मग नव्वद मिनिटं खुशाल विरोध करा.